मी न वाचलेल्या तीन ओळी

वळवण, लोणावळे
मार्गशीर्ष, शनिवार

प्रिय पारूवहिनी,

नवरा खोकतो, घर एका खोलीचं, मग बाईनं निजायचं कुठं?

हा प्रश्न गेल्या रविवारी भाज्याला एका बाईनं मला विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. तुला जाऊन आता वर्ष होईल. तरी तुलाच लिहायला बसले, कारण त्या प्रश्नात तू दोन वर्षं निजली होतीस.

नीट सांगते. तू गेल्यापासून मी रविवारी आसपासच्या गावांत जाते आणि बायकांना आरोग्याच्या चार गोष्टी सांगते. पाणी उकळून प्यावं. बाळंतिणीची खोली अंधारी ठेवू नये. जखमेवर शेण लावू नये. क्षयाचा माणूस घरात असेल तर त्याच्याजवळ निजू नये, त्याच्या ताटात जेवू नये. घरात पहिली पदवी मिळवलेली मुलगी, तिनं शिकून काय केलं असं कुणी म्हणू नये, म्हणूनही असेल. पिशवीत मी लिहून छापून घेतलेली पत्रकं असतात.

त्या दिवशी मळवलीला उतरून भाज्याला गेले. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. दुपारच्या भाकरीला बायका पेंढ्याच्या सावलीत बसल्या, तेव्हा मी उभी राहून बोलले. बोलून झाल्यावर एक मधल्या वयाची बाई म्हणाली,

"बाई, माजा धनी दोन वरसं खोकतोय. घर एका खणाचं. ह्या अंगाला म्हस, त्या अंगाला चूल. मंग म्या निजायचं कुटं?"

"म्हशीजवळ नीज," शेजारची म्हणाली. "ती खोकत न्हाई."

सगळ्या हसल्या. विचारणारीही हसली. मग साऱ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"पडवीत," मी म्हणाले.

"पडवीत सासरा निजतोय."

मी तिच्या हातात पत्रक दिलं. तिनं ते उलटं धरलं, सुलटं धरलं. "ह्यात लिवलंय का, कुटं निजायचं ते?"

"नाही."

"मंग काय लिवलंय?"

मग मी तुझी गोष्ट वाचली.

हो, तुझी. तुला कधी सांगितलं नाही, कारण ती मी तू गेल्यावर लिहिली. ती अशी आहे: 'एका गावी एक सून होती. स्वभावानं गोड, पण अडाणी. तिच्या पतीला क्षय झाला. सुशिक्षित नणंदेनं परोपरीनं सांगितलं की त्याच्या उष्ट्या ताटात जेवू नकोस. पण सुनेनं रूढी सोडली नाही. हसण्यावारी नेलं. अखेर त्याच रोगानं तिचा बळी घेतला. भगिनींनो, तिच्यासारखं करू नका.'

लोणावळ्यात एका हळदीकुंकवाला ही वाचली, तेव्हा बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एका वकिलाच्या पत्नीनं जवळ बोलावून माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं, वहिनी. तुझ्या मरणावर मला शाबासकी मिळाली आणि मला बरं वाटलं.

भाज्याची ती बाई मात्र रडली नाही. तिनं विचारलं, "त्या नणंदेला येगळी खोली हुती का?"

"होती."

"मंग तिनं त्या भावजयला आपल्या खोलीत का न्हाई निजवली?"

मी पत्रकं पिशवीत भरली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. गाडीला अजून दीड तास होता.

तुला पहिल्यापासून सांगायला हवं. तू कधी विचारलं नाहीस असं मी म्हणणार होते, पण ते खोटं आहे. तू विचारलं होतंस. त्यावर येतेच.

दादा शेठच्या बंगल्यावर कामाला होता, हे तुला ठाऊक होतं. आबा तिथं माळी, आणि शेठाणीबाई माझी फी भरायच्या. शेठचा थोरला मुलगा मुंबईहून हवेला आणला होता, तो का, ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. दादानं वर्षभर त्याची पिकदाणी धुतली, त्याचे पाय चेपले, त्याचा टाकलेला स्वेटर घातला. मुलगा गेला. पुढल्या दिवाळीनंतर दादा खोकायला लागला. शेठकडच्या डॉक्टरांनी त्याची थुंकी मुंबईला पाठवून तपासली आणि इंग्रजीत एक कागद लिहून माझ्या हातात दिला. मी तेव्हा बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होते, नाताळच्या सुट्टीत घरी आले होते.

"तुला वाचता येईल," डॉक्टर म्हणाले. "घरी समजावून सांग."

मी समजावून सांगितलं. अक्षर न अक्षर. रोगाचं नाव घेतल्यावर आबा खाली बघत बसले. बंगल्यावर कळलं तर काम जाईल, एवढंच त्यांच्या मनात आलं असावं. आई उठली, दार लावून आली आणि म्हणाली, "त्यो शबुद पुन्यांदा ह्या घरात काढायचा न्हाई."

मग महिन्याभरानं तिनं मला समोर बसवलं. "ह्याला बघाया माणूस पायजे. माजं कंबर गेलंय. येक तर तू तुजं शिकणं सोडून घरी ऱ्हा, न्हाईतर ह्याचं लगीन करू. घरात दुसरी बाई आली की तू जा खुशाल पुण्याला."

मला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. दोन गोष्टी पुढं ठेवल्या आणि मी त्यातली एक उचलली.

वैशाखात तुझे तात्या आले. सुदुंबऱ्याहून तळेगावपर्यंत चालत आणि पुढं गाडीनं. सरळ माणूस. गूळपाणी झाल्यावर म्हणाले, "राग मानू नगा. तळेगावच्या बाजारात कुणी तरी बोललं, पोरगा खोकतो. डाक्टरचा कागद हाय म्हनं तुमच्याकडं. जरा वाचून दावा."

आबांनी मला हाक मारली. "आमी आंगठा लावणारी माणसं. पोरगी बी. ए. शिकतीया. तीच वाचंल."

मी दारात उभी राहून वाचलं. रोगी अशक्त आहे. त्याला रोज शेरभर दूध द्यावं. दोन अंडी द्यावीत. जड काम देऊ नये. मोकळ्या हवेत बसवावं.

"हवा काय, लोणावळ्यात फुकाट," तात्या हसून म्हणाले. "दूध-अंडी आमची पारी घालंल. म्हशीच्या कासंखालीच वाढलीया ती. आणिक काय?"

"बास, एवढंच," मी म्हणाले.

"शिकलेल्या पोरीच्या तोंडचं हाय. आता दुसऱ्या कुणाला इचारायला नगं."

मी एक शब्द खोटा वाचला नाही. हे मी स्वतःला किती दिवस सांगत होते! फक्त तीन ओळी गाळल्या. पहिली, रोगाच्या नावाची. मधली, रोग्यानं वेगळ्या खोलीत, खिडक्या उघड्या ठेवून, एकट्यानं निजावं ही. आणि शेवटची, तीन वर्षं याच्या लग्नाचा विचारही करू नये ही. तुझ्या हळदीच्या दिवशी आईनं तो कागद चुलीत घातला. मला तो पाठ होता.

मग तू आलीस. माझ्याहून दीड वर्षानं लहान, पण मी तुला अगं म्हणायची आणि तू मला अहो वन्सं. पहिल्याच आठवड्यात तू मला घाटाकडं घेऊन गेलीस, गाडी बघायला. गाडीला मागूनही इंजिन लावतात, हे बघून थांबलीस.

"वन्सं, मागं बी इंजन?"

"चढ आहे ना. एक ओढतं, एक ढकलतं."

"मंजी सासरच की वं," तू म्हणालीस. "सासूबाई म्होरनं वढत्यात, तुमी मागनं ढकलताय."

मी हसले. माझ्या पुस्तकांकडं बघून तू विचारायचीस, "एवढ्यात कुटं तरी कालवणात मीठ किती घालायचं ते लिवलं असंलच न्हवं?" तेव्हाही मी हसायची. तुझ्या थट्टेला राग नसायचा. मला वाटायचं, हिला काही कळत नाही म्हणून ही हसते.

आपलं घर तीन खोल्यांचं. पुढची दोन खिडक्यांची खोली माझी, अभ्यासाची. मधल्या खोलीत आबा-आई. स्वयंपाकघराला लागून आतली खोली तुमची, तिला एकच हातभर खिडकी. आणि मृग लागायच्या आधी आबा त्या बाजूच्या भिंतीला पेंढ्याची झड बांधायचे, लोणावळ्याच्या पावसात भिंत कोसळू नये म्हणून. झडीमागं ती खिडकीही जायची. चार महिने तुम्ही दोघं बंद डब्यात. आत शेगडी, शेगडीवर टोपली, टोपलीवर दादाचे न वाळणारे कपडे, आणि दादाचा खोकला.

मी वर्षातले आठ-नऊ महिने पुण्याला असायची. माझी खोली तोवर कुलूप लावून ठेवलेली. पहिल्या पावसाळ्यात मी चार दिवस आले होते, तेव्हा तू विचारलंस. आठवतं? मी म्हणाले ना, तू विचारलं होतंस.

"वन्सं, तुमी न्हाई तवा आमी तुमच्या खोलीत निजू का? ह्यांना रातभर झोप न्हाई. तितं वारं हाय."

मी काय म्हणाले, तेही तुला आठवत असेल. "नको गं. पुस्तकांना ओल लागेल."

"बरं," तू म्हणालीस.

डॉक्टरांच्या कागदावरची मधली ओळ, अर्धी तरी, तू स्वतःच्या अकलेनं शोधून काढली होतीस, आणि मी पुस्तकांसाठी नाही म्हणाले.

मग माझ्या मनाला खायला लागलं. म्हणून दिवाळीत परसात, तू भांडी घासत होतीस तेव्हा, तुला हळूच म्हणाले, "वहिनी, दादाच्या ताटात जेवत जाऊ नकोस."

तू हातातली राख झटकून वर बघितलंस. "का वं?"

"आरोग्याला बरं नसतं."

"त्यांना काय झालंया?"

"अशक्तपणा."

"अशक्तपणा ताटातनं येतो व्हय? मग येऊ द्या की मला बी. जरा बारीक हुईन."

आणि तू हसलीस. त्या हसण्यावरून मी ठरवलं की तू ऐकणार नाहीस. मी माझं कर्तव्य केलं. त्या एका हसण्यावर मी पुढं सगळं पत्रक लिहिलं. खोलीचं मी पत्रकात कधी लिहिलं नाही, वहिनी. ताटाचं लिहिलं की दोष बाईवर जातो. खोलीचं लिहिलं असतं तर तो आमच्या घरावर आला असता.

तिसऱ्या पावसाळ्यात दादाच्या अंगावर मांस आलं आणि तुझ्या अंगावरचं गेलं. आई म्हणायची, "कामाचा आळस. खोकून दावती." माझा बी. ए.चा निकाल लागला. आबांनी पेढे वाटले. घरी पाहुणे जेवायला बोलावले. पुरण तू वाटलंस, पोळ्या तू लाटल्यास. मध्येच परसात गेलीस, मी पाठोपाठ पाणी घ्यायला आले, आणि तुझ्या पदरावर मी लाल ठिपका पाहिला. तू पदराचं टोक मुठीत धरलंस आणि म्हणालीस, "वन्सं, पाहुण्यांम्होरं न्हाई बोलायचं." मी बोलले नाही. तुझ्या सांगण्यावरून नाही. माझा दिवस बिघडू नये म्हणून.

आठवड्यानं तुला माहेरी धाडलं. मरायला टेकलेली सून माहेरी पाठवायची, आपल्या दारातून तिचं प्रेत निघू द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आईनं तुझ्याबरोबर तुझं ताट, तुझा तांब्या, दोन वाट्या आणि वाकळ बांधून दिली. गाडीवानाला म्हणाली, "हे तितंच ऱ्हाऊ द्या म्हणावं." तुझ्या आईला वाटलं, सासरच्यांनी मानानं भांडी दिली. तिनं ती आळीत चार घरी दाखवली.

तू पौषात गेलीस. मी आले नाही. शाळेत नुकतीच लागले होते, पहिल्याच महिन्यात रजा कशी मागायची?

तुझ्या दहाव्या दिवसाला आबा एकटे गेले. इकडं आई विहिरीवर, बाजारात, लग्नाकार्यात एकच सांगत राहिली: "माहेराहून घेऊन आलती. क्षयाचं घराणं. आमाला फसवलं." हे माझ्या देखत बोलली. मी लुगड्याची निरी नीट करत उभी राहिले. तळेगावच्या बाजारातून ते बोलणं सुदुंबऱ्याला पोचायला किती दिवस लागणार?

आता गेल्या रविवारी परत येते. भाज्याहून मी घरी आले तर पडवीत तुझे तात्या बसलेले. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं. आई चुलीपुढून बोलत होती. दादा दाराशी टेकून उभा.

तात्या म्हणत होते, "थोरली तुमच्या पदरात घातली, ती तिच्या नशिबानं गेली. आता धाकट्या चंद्रीला कुणी इचारत न्हाई. तीन जागा मोडल्या. क्षयाचं घर म्हणत्यात. तुमीच आता तिला पदरात घ्या."

तुझी चंद्रा. तुझ्या लग्नात तुझ्या शेल्याचं टोक धरून झोपलेली ती.

आई म्हणाली, "घेऊ की. आमाला काय, मन मोठं ठेवायचं. पर थोरलीगत नगं. ती नवऱ्याचं उष्टं कुत्र्याला घालायची. परसात जाऊन, लपून. म्या डोळ्यांनी बघितलं. दोन रट्टे दिलं, तरी ऐकली न्हाई. दुसऱ्या दिशी पुन्यांदा तेच. ताट राखंनं तीनदा घासायची आन कोरडी भाकर येगळी खायाची."

तात्यांनी मान खाली घातली. "चुकलं तिचं. चंद्रीला नीट सांगून धाडू."

मी उंबऱ्यातच उभी होते. हातात पत्रकांची पिशवी.

तू ऐकलं होतंस. कारण न सांगता सांगितलेलं, हसत ऐकलं होतंस, मार खाऊन ऐकलं होतंस. दोन वर्षं उपाशीपोटी एका कुत्र्याला जेवू घालत होतीस, आणि मी तुला चार गावांत अडाणी म्हणून वाचून दाखवत होते.

गुरुवारी सुपारी फोडायची ठरली. तात्या गेल्यावर मी दादाला विचारलं, "तुला पुन्हा खोकला आहे ना? रुमाल तूच धुतोस सकाळी, मी बघते."

"हाय थोडा."

"आणि चंद्राशी लग्न?"

"मला कोण बघणार, गंगू? आईचं बघतीस ना. तू तर शाळंत." त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. पाण्याचा तांब्या मागावा तसं त्यानं माणूस मागितलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि पहाटेच्या गाडीनं तळेगावला उतरून सुदुंबऱ्याला गेले. तात्या मारुतीच्या देवळापुढं सहा-सात जणांत बसले होते. ते म्हणाले, घरी चला. मी नको म्हणाले. तुझ्या घराला जे नाव ठेवलं गेलं ते चारचौघांत, मग खरंही चारचौघांत बोलायला हवं होतं.

मी उभ्यानं सांगितलं. कागद जळाला, पण पाठ आहे. पहिली ओळ सांगितली. मधली सांगितली. शेवटची सांगितली. दादाला पुन्हा खोकला आहे, हेही सांगितलं.

मग एक म्हातारा म्हणाला, "मंजी हे तात्याच्या घरचं न्हाई?"

"नाही. आमच्या घरचं आहे. आम्ही तिला दिलं."

तात्या माझ्याकडं बघत होते. आवाज चढला नाही त्यांचा. "पोरी, मंग तवा का न्हाई वाचलंस?"

"मला पुण्याला जायचं होतं, तात्या. वहिनी आली नसती तर मला घरी राहावं लागलं असतं."

"गेलीस न्हवं?"

"गेले."

"पास झालीस?"

"झाले."

"व्हय, पेढं आलं हुतं तुमच्याकडनं," ते म्हणाले. "खाल्लं आमी."

त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि उठून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

तुझी आई दारातून पुढं आली नाही. आतूनच मोठ्यानं म्हणाली, "हिला पाणी देऊ नगा कुणी." कुणी दिलं नाही. मी मागितलंही नाही.

नदीपर्यंत आले तर मागून चंद्रा पळत आली. आता तुझ्याएवढी उंच झाली आहे. तिला दम लागला होता. तो पळण्याचाच दम आहे ना, हे मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. पळण्याचाच होता.

"ताईला ठावं हुतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं नदीकडं तोंड केलं. "ती मला जवळ येऊ देत नव्हती. म्हणायची, आपल्या रगतातच खोट हाय. सासूबाई खरंच बोलत्यात. चंद्रे, तू लगीन करू नगंस, दुसऱ्याच्या घराचं वाटुळं हुईल."

"तिला तसं का वाटलं?"

"तुमच्यामुळं," चंद्रा म्हणाली. तिनं ते शिवी दिल्यासारखं म्हटलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. "म्हणायची, वन्सं शिकलेल्या. त्यांनी सांगितलं तसं ताट सोडलं, मार खाल्ला, तरी मला झालंच. मंजी हे भाईरनं आलं न्हाई. माझ्यातच हुतं. आन तुमची माफी मागायची."

"माझी?"

"तुमचं नाव खराब हुईल म्हणून. एवढी शिकलेली नणंद असून भावजय मेली, असं लोक म्हणतील, म्हणायची."

वहिनी, मी तुला थोडंसं आरोग्य सांगितलं. पुरं सांगितलं असतं तर तू वाचली असतीस, निदान कुणामुळे मरतेस ते तुला कळलं असतं. काहीच सांगितलं नसतं, तर निदान स्वतःला दोष न देता गेली असतीस. मी मधलं सांगितलं, आणि त्याचा तू पुरावा केलास, स्वतःच्या विरुद्ध.

तू मला शिवी का नाही घातलीस एकदा तरी? सगळं ऐकायचं कशाला? रुसून, भांडून, माझ्या खोलीचं कुलूप तोडून निजली असतीस, तर आईनं मारलं असतं. पण मार तर तू तसाही खाल्लास. बघ, अजूनही मी तुलाच रागावते आहे. सवय झाली आहे.

गुरुवारी सुदुंबऱ्याहून कुणी आलं नाही. आबा माझ्याशी बोलत नाहीत. आई दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. तिनं एकच विचारलं, "आता ह्याला कोण बघणार?" चंद्राचं पुढं लग्न जमेल की नाही, मला माहीत नाही. माझ्या एका दिवसाच्या बोलण्यानं आईचं वर्षभराचं बोलणं पुसलं जाईल, असं मला वाटत नाही.

एक शब्द देते. पत्रकं जाळली नाहीत. ज्या ज्या गावात ती वाचली तिथं परत जाईन, हातात तीच घेऊन. सुनेचं नाव पारू होतं, तिनं ऐकलं होतं, आणि नणंद मी, असं सांगेन. बायकांनी पुढं माझं ऐकलं नाही तरी चालेल. कारण न सांगता मात्र मी यापुढं कुणालाही साधं पाणी उकळायलाही सांगणार नाही.

काल दुपारी मी शाळेचा राजीनामा मुख्य बाईंच्या हातात दिला. दादाचं अंथरूण पुढच्या खोलीत घातलं आहे, मी पडवीत निजते. आजपासून त्याचं दूध, अंडी, पिकदाणी मी बघते. याला कुणी त्याग म्हणालं तर तू हस. मी तर फक्त तुझं काम करते आहे, आणि मला रोगाचं नाव माहीत आहे.

तुझी नणंद,
गंगू